टाकीच्या तळाचं पाणी

ऑक्टोबर लागला की आमच्या टिस्टहोल्म बेटावरच्या बोटी एकेक करून पाण्याबाहेर निघतात आणि गुनवोरच्या शेडमध्ये हिवाळाभर रांगेने पडून राहतात. पण वर घेण्याआधी, धक्क्याला असतानाच, डिझेलची टाकी नीट करावी लागते. तळाचं पाणी उपसायचं, फिल्टर बदलायचा, बुरशी धरू नये म्हणून औषध घालायचं, टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि इंजिन पाव तास चालवून ते डिझेल आतवर पोचवायचं. टाकी अर्धी राहिली तर थंडीत तिला आतून घाम सुटतो. गुनवोर एकतीस वर्षं हेच करत आली होती, आणि दर वर्षी पहिला नंबर एवर्टचा असायचा.

त्या वर्षी महिना संपत आला तरी तो फिरकला नाही.

एवर्ट म्हणजे मोठ्या जहाजांना बंदराची वाट दाखवणारा निवृत्त वाटाड्या, गुनवोरच्या धाकट्या भावाचा, हिल्डिंगचा, शाळेपासूनचा दोस्त. हिल्डिंग सप्टेंबरच्या वादळात गेला. त्याची होडी तिसऱ्या दिवशी उत्तरेला, दीपगृहाजवळ पालथी सापडली. तो सापडला नाही. आठ दिवस सगळं बेट उत्तरेचा किनारा धुंडाळत होतं. वादळाच्या दिवशी आपण तापाने फणफणलो होतो, असं एवर्ट सगळ्यांना सांगत असे. बोट धक्क्यावरून हललीच नाही, असंही.

अखेर शेडमध्ये शेवटची जागा उरली तेव्हा तो बोट घेऊन आला. दाढी वाढलेली, नजर पाण्यावर.

"पाणी मी काढलंय," तो म्हणाला. "तू औषध घाल आणि भर."

"तुझ्या पंपाची नळी तळाला तरी पोचते का रे?"

"गुनवोर, भर म्हटलं ना."

इतक्या वर्षांत तो तिच्याशी असा बोलला नव्हता. तिने वाद घातला नाही. शेडमधले बोट टेकवायचे लाकडी घोडे तुझ्या बोटीच्या मापाने लाव, असं सांगून तिने त्याला पाठवलं. तो दोनदा मागे वळून बघत गेला. त्याला फसवायचं असं काही तिच्या मनात नव्हतं. तळ पाहिल्याशिवाय टाकी भरायला तिचा हातच धजत नसे, इतकंच.

तिने नळी तळाशी सोडली आणि हातपंप मारला. काचेच्या बरणीत डिझेल वर तरंगलं, पाणी खाली बसलं. एरवी चमचा-दोन चमचे निघतं. आज अर्धी बरणी भरली. दुसऱ्यांदा उपसलं तर पुन्हा तेवढंच. तिने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

टाकीच्या घामाला मीठ नसतं. तिने टाकीचं झाकण तपासलं, ते घट्ट होतं. हवा घ्यायचं तोंड बोटीच्या कुशीला, अगदी काठाखाली होतं. तिथवर समुद्र पोचायचा तर बोट आडवी पडायला हवी, आणि बराच वेळ. धक्क्याला बांधलेली बोट आडवी पडत नाही. मग तिचं लक्ष रेडिओच्या फळीकडे गेलं. फळी रिकामी होती.

बरणी हातात घेऊन ती शेडमध्ये गेली. एवर्टने बरणी पाहिली. तो तिच्या शेजारून गेला आणि त्याने सरकता दरवाजा ओढून घेतला. आत फक्त छपराच्या काचेतून येणारा उजेड उरला.

"अजून कुणी पाहिलं?"

"नाही," ती म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिला वाटलं, हे बोलायला नको होतं.

तो दाराला पाठ लावून उभा राहिला आणि बोलू लागला. त्या दुपारी हिल्डिंगचा फोन आला होता. शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, धरायचा हंगाम सुरू व्हायला आठवडा होता, तरी त्याने चोरून पिंजरे लावले होते आणि वादळाआधी ते काढायला तो गेला होता. इंजिन बंद पडलं. बचाव पथकाला कळवू नकोस, तूच ये, म्हणाला. एवर्ट गेला. पोचेपर्यंत होडी पालथी झाली होती आणि हिल्डिंग तिच्या बुडाला धरून होता. एवर्टने तीनदा दोर फेकला. दोर पोचला नाही. मग लाटेने त्याचीच बोट आडवी केली, रेडिओ गेला, फोन गेला, इंजिन खोकायला लागलं. तो वळला.

"त्याने मला वळताना पाहिलं," एवर्ट म्हणाला.

"कुठे?"

"दक्षिणेला. ग्रेनच्या खडकांपाशी. होडी नंतर वाहत उत्तरेला गेली."

"आठ दिवस आम्ही उत्तरेला शोधलं. माझ्या शेजारी बसून तू पाण्यावर दुर्बीण लावत होतास."

"दक्षिणेला चला म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, तुला कसं ठाऊक."

तो दारापासून हलेना. मग हळूच म्हणाला, "बरणी इथेच ठेव, गुनवोर."

"ठेवते. टाकीत अजून पुष्कळ आहे."

ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. शेवटी त्याने दरवाजा सरकवला, आणि धक्क्याकडे न जाता तो सरळ घरी गेला.

तिने पोलिसांना फोन केला. दुसऱ्या दिवशी एवर्टनेच पाणबुड्यांना जागा दाखवली. हिल्डिंग खडकांच्या फटीत सापडला. त्याच्या मनगटाला दोराचे दोन वेढे होते आणि दोराचं दुसरं टोक सुरीने कापलेलं होतं. दोर पोचला होता.

पोलिसांनी विचारलं तेव्हा एवर्टने ते नाकारलं नाही. दोर बोटीला ओढत होता, दोघेही गेलो असतो, एवढंच म्हणाला. तसं झालंही असतं. आडव्या बोटीवर एका बाजूला माणूस लटकला की काय होतं, हे बेटावर सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच त्याला उघड शिव्या कुणी दिल्या नाहीत आणि त्याच्या घरीही कुणी गेलं नाही. दफनानंतरच्या आठवड्यात तो बहिणीकडे मुख्य भूमीवर निघून गेला.

त्याच्या बोटीचं काम गुनवोरने पुरं केलं. तळ स्वच्छ निघेपर्यंत उपसलं, औषध घातलं, गळ्यापर्यंत भरलं. मी तिला विचारलं, कशाला? ती म्हणाली, "अर्धवट टाकी सोडवत नाही मला." मग हात पुसत म्हणाली, "पुढच्या वर्षी बाकी बोटींचे तळ तपासायला मात्र नको वाटतं. काय निघेल सांगता येत नाही."