बाहीआडची पट्टी

मी एक जुनं पोलकं आहे. मूल गावच्या बाजारात लहानू शिंप्याने मला शिवलं. तलावात मासे धरताना उन्हाने दंड करपू नयेत म्हणून जयाने माझ्या बाह्या कोपरापर्यंत ठेवायला सांगितल्या होत्या.

मित्रांनो, धाकटीच्या बाळंतपणात जयाच्या अंगावरून इतकं रक्त गेलं होतं की ती मरता मरता वाचली. पुन्हा दिवस जाण्याची तिला धास्ती होती. गोळ्या घ्यायची आठवण राहत नव्हती. तिची नणंद डिंपल बल्लारपूरला राहते. दंडावर लावायच्या पट्टीबद्दल जयाला तिनेच सांगितलं. तीन आठवडे दर आठवड्याला नवी पट्टी लावायची, चौथा आठवडा मोकळा सोडायचा, की दिवस राहत नाहीत.

तालुक्याच्या दवाखान्यात जयाने डॉक्टरबाईंना हळू आवाजात विचारलं. त्या मात्र मोठ्याने हसल्या. "पट्टी शहरातल्या बायकांसाठी असते. तुम्ही दिवसभर पाण्यात, घामात. तुमच्याकडून नाही व्हायचं." उघड्या दारातून बाहेर बाकावर बसलेल्यांनीही ते ऐकलं. जयाने मान खाली घातली, पण ती उठली नाही. शेवटी त्यांनी तिला तपासून पट्टी दिली. मी ती बाहीखाली झाकली.

एकदा जाळं ओढताना माझी बाही वर सरकली आणि पट्टी सोबत मासे धरणाऱ्या बुधरीच्या नजरेस पडली. कडेला मळ धरून ती काळी झाली होती. जया घाबरून म्हणाली, गळू झालं आहे. बुधरीच्या तोंडून ते पसरलं आणि गळूचा गावभर रोग झाला. बाजारात नेहमीच्या बायांनी तिच्या मासळीच्या टोपलीकडे पाठ फिरवली. तरी जया खरं बोलली नाही.

सासू देवकाबाई हळदीचा लेप घेऊन आल्या आणि त्यांनी मला वर सारलं. जयाने दंडावर हात दाबून धरला.

"बाई, हा रोग नोहे. मले आता लेकरू नको. मले मराचं भेव वाटते."

देवकाबाईंनी लेपाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मले सांगाची लाज वाटली, अन् रोगी मनून घ्याची नाई वाटली?"

जया रडू लागली. देवकाबाईंनी ओल्या फडक्याने पट्टीच्या कडेचा मळ हलकेच पुसला आणि बाही खाली ओढली. पुढच्या बाजारी त्या स्वतः जयाशेजारी बसल्या. विचारील तिला त्यांनी खरं सांगितलं. काहींनी तोंड वाकडं केलं. बुधरी मात्र ओशाळून जवळ आली आणि ही पट्टी कुठे मिळते, असं तिने हळूच विचारलं.

नंतर जया बुधरीला घेऊन दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टरबाईंनी तिच्या दंडावरची, पाण्याघामातही जागची न हललेली पट्टी पाहिली. या वेळी त्या उठल्या, दार लोटून आल्या आणि मगच बुधरीला काय हवं ते विचारलं.

आता माझा रंग विटला, शिवण उसवली. जया माझ्याने टोपली पुसते. मित्रांनो, अंग झाकणं हे माझं काम, ते मी आनंदाने केलं. पण जीव वाचवायची गोष्ट एखाद्या बाईला माझ्याआड लपवावी लागते, तेव्हा कापडालाही मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुमच्या घरातल्या बाईवर ती वेळ आणू नका.