हॉस्केटचा टॉर्नेडो

आमच्या हॉस्केटच्या शाळेत एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली धडधाकट मुलं होती नऊ. त्यामुळे आम्ही सहा जणांचा फुटबॉल खेळायचो. नेब्रास्कातल्या त्या भागात सगळ्याच लहान शाळा तसा खेळायच्या. तरी नवातल्या कुणाची ना कुणाची गाय अडायची, कुणाला गोवर यायचा, आणि मग सगळा भार लायल वोंद्राचेकवर पडायचा.

लायल आमचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू छातीशी धरून पळणारा गडी. पण तो नुसता पळायचा नाही. फेकायचा, झेलायचा, लाथही तोच मारायचा, समोरच्याचा पळणारा आला की त्याला पाडायलाही तोच. मध्यंतरात आम्ही पाणी पीत बसायचो, तेव्हा हा हेल्मेट काढून शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा. कारण बँडमध्येही माणसं कमीच होती.

म्हणून कोच श्टोल्झनी त्याचं नाव ठेवलं, स्टेपनी. जिथलं चाक बसेल तिथे लायलला लावा. गावानं ते उचललं आणि लायलनं मनाला लावून घेतलं.

"वीस मैलांवरच्या ब्रुलनमध्ये तो ड्वेन आहे बघ," तो मला म्हणाला. "त्याला फक्त सरळ पळता येतं. वळता येत नाही, झेलता येत नाही. पण नाव काय? मालगाडी! पेपरात फोटो येतो. आणि मी? डिकीत पडून राहणारी वस्तू."

"मला पोतं म्हणतात," मी म्हणालो.

"तू आहेसच पोतं, मर्लिन."

ते खोटं नव्हतं. माझं काम चेंडू मागे देऊन समोरच्याच्या वाटेत आडवं पडणं, आणि ते मी मन लावून करायचो.

लायलनं स्वतःसाठी नाव शोधून ठेवलं होतं. टॉर्नेडो, म्हणजे आमच्याकडची घरं उचलून नेणारी वावटळ. आधी त्यानं ते आईवर वापरून पाहिलं. ती म्हणाली, "तुझं नाव लायल आहे. तुझ्या आजोबांचं होतं. ते आयुष्यभर त्याच नावावर जेवले." मग त्यानं वर्गात फळ्यावर लिहिलं, तर बाईंनी त्याच्याकडून वादळांवर दोन पानी निबंध लिहून घेतला. शेवटी तो गेला डेल्बर्ट नोवोत्नीकडे.

डेल्बर्ट ट्रॅक्टर विकायचा आणि शुक्रवारी दुपारी मैदानाशेजारी गवताच्या गाड्यावर बसून रेडिओवर सामन्याचं वर्णन करायचा. आवाज असा, की रेडिओ बंद असला तरी अर्ध्या गावाला ऐकू जावा. लायलनं त्याच्यापुढे झाकलेलं ताट ठेवलं. आईनं चर्चसाठी भाजलेले कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव होते त्यात, गरमागरम.

"मिस्टर नोवोत्नी, रेडिओवर तुम्ही म्हणाल ते नाव पडतं. एकदा मला टॉर्नेडो म्हणा ना."

डेल्बर्टनं एक पाव तोंडात टाकला, डोळे मिटले. "एकदाच?"

"चांगलं ठासून म्हणा."

"काळजीच करू नकोस, पोरा."

सामना ब्रुलनशीच होता. सप्टेंबरचा उकाडा, आभाळ पिवळट, पानसुद्धा हलत नव्हतं. पहिला अर्धा वेळ डेल्बर्ट सवयीनं "स्टेपनी, स्टेपनी" करत राहिला. मध्यंतरात लायलनं ट्रॉम्बोन वाजवत वाजवत बँडची रांग सोडली, गाड्यापाशी गेला आणि त्याच्या कानाशी एक लांबलचक सूर काढला. डेल्बर्टला कोलाचे आठवले.

दुसऱ्या अर्ध्यात ब्रुलन सव्वीस, आम्ही चोवीस. त्यांनी लाथ मारली, चेंडू उंच गेला, लायलनं तो आमच्या रेषेजवळ झेलला आणि सुटला. समोरून मालगाडी आली. मी तिच्या वाटेत आडवा पडलो. ती माझ्यावर पडली. तेवढ्यात डेल्बर्टचा आवाज फुटला.

"टॉर्नेडो! टॉर्नेडो निघाला! पश्चिमेकडून आलाय आणि थेट शाळेकडे चाललाय! वाटेत येईल त्याला आडवं करतोय! मालगाडी उलथली! देवा रे, ह्याला आता कोण अडवणार!"

गावच्या कचेरीत वर्ना फिशरनं नेमका त्याच क्षणी रेडिओ लावला. वादळाचा इशारा देणाऱ्या सायरनचं बटण तिच्या टेबलाला होतं. उलटलेल्या मालगाडीत कोणी माणसं होती का, हेही विचारत बसली नाही. हातातली कॉफी ठेवली आणि बटण दाबलं.

सायरन वाजला मात्र, बाकांवरचे तीनशे लोक उठले आणि शाळेच्या तळघराकडे धावले. कोच धावले, ब्रुलनचे कोच धावले, बँड वाद्यांसकट धावला. पंच रस्त्याकडेच्या खड्ड्यात पालथा पडला. डेल्बर्टनं सायरन ऐकला, आणि पळण्याआधी तो माईकमध्ये ओरडला, "लोकहो, हे खरंच आहे!" झालं. ज्यांना शंका होती, तेही तळघरात उतरले.

लायलच्या कानावर हेल्मेट होतं. त्याला वाटलं, गाव आपल्यासाठीच सायरन वाजवतंय. तो रेषेपार गेला, चेंडू ठेवला, दोन्ही हात वर करून वळला. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. फक्त मी, आणि माझ्यावर ब्रुलनची मालगाडी.

"सॉरी हं," ड्वेन माझ्या कानात म्हणाला. "मला वादळाची फार भीती वाटते, उठता येत नाहीये."

आम्ही दोघांनी त्याला धरून तळघरात नेलं. तिथे खांद्याला खांदा लावून माणसं उभी, मागे शाळेच्या घेवड्याचे डबे रचलेले. ड्वेन एका पिंपावर बसला आणि पाणी मागू लागला.

"तुझं बरंय," लायल त्याला म्हणाला. "मालगाडी! केवढं नाव."

"बरं कसलं? शाळेच्या नाचाला एक मुलगी येत नाही माझ्याबरोबर. म्हणतात, पायावर पाय पडला तर? आणि पेपरवाला येऊन म्हणतो, जरा रागानं बघ. मला राग येतच नाही."

 लायलला हे नवीन होतं.

पाऊण तास गेला. शेवटी कोणीतरी वर जाऊन पाहून आलं. आभाळ तसंच, पान हलत नव्हतं. मग वर्ना कचेरीतून फोनवर आली, आणि जिन्याशी उभा असलेला शिक्षक तिचं बोलणं मोठ्यानं सांगू लागला.

"वर्ना म्हणतेय, रेडिओनं सांगितलं!"

सगळे डेल्बर्टकडे वळले. "मी सांगितलं? मी तर वोंद्राचेकच्या पोराबद्दल बोलत होतो!"

"मग खरंच आहे असं कशाला ओरडलास?"

"सायरन वाजला ना!"

"तुझं ऐकून वाजवला!"

डेल्बर्टनं हताश होऊन लायलकडे बोट दाखवलं. "त्यानंच सांगितलं, टॉर्नेडो म्हणा म्हणून. कोलाचे दिले त्यानं मला."

 मागून लायलच्या आईचा, मिसेस वोंद्राचेकांचा आवाज आला, अगदी हळू. "कुठले कोलाचे, लायल?"

लायल मला नंतर म्हणाला, की त्या वेळी खरा टॉर्नेडो आला असता तर फार बरं झालं असतं.

सामना पुन्हा सुरू झाला. आमची दोन मुलं त्यांचे बाप गुरं बघायला घेऊन गेले होते, आणि एकाचा पाय जिन्यात मुरगळला होता. उरलो बरोबर सहा. लायलनं पंचाला धरलं.

"सर, मी चेंडू रेषेपार नेला. टचडाऊन आहे ते."

"मुला, मी खड्ड्यात पालथा होतो. पालथ्या माणसाला टचडाऊन दिसत नाही. लाथ पुन्हा."

मग लायलनं जे केलं, ते मी परत कुणाला करताना पाहिलं नाही. पळाला, झेलला, फेकला, दोनदा मालगाडीच्या घोट्याला मिठी मारून तिला थांबवलं. शेवटच्या मिनिटाला आम्ही त्यांच्या रेषेपासून दहा पावलांवर होतो. ब्रुलनच्या सहाही जणांचे डोळे लायलवर. सहा जणांच्या फुटबॉलमध्ये नियमानं कुणालाही चेंडू झेलता येतो, मलासुद्धा, पण हे मी धरून सगळेच विसरले होते. लायल उजवीकडे पळाला, पाच जण त्याच्यामागे. तिथून त्यानं चेंडू फेकला. तो माझ्या पोटावर आदळला आणि मी घाबरून त्याला मिठी मारली.

"पळ, मर्लिन!" लायल ओरडला.

मी पळालो. वाटेत एकटा ड्वेन होता. आम्ही दोघं एकदमच रेषेपार पडलो. ह्या खेपेस तो खाली होता.

तीस-सव्वीस. शनिवारच्या पेपरात फोटो आला तो वर्नाचा, सायरनच्या बटणावर बोट ठेवलेली. आणि रविवारी चर्चमधून बाहेर पडेपर्यंत लायलला नवं नाव पडलं होतं. तळघर. त्यासाठी त्याला कुणाला काही द्यावं लागलं नाही.

सोमवारी त्याच्या आईनं फर्मावलं, की दारोदार जाऊन प्रत्येकाची माफी मागायची. सोबतीला मी गेलो. काही घरांत रागावले, काही घरांत हसले, एका म्हाताऱ्यानं दोघांकडून अर्धा तास लाकडं फोडून घेतली. गावाच्या टोकाला मिसेस टेसारांचं घर होतं. सत्तरीच्या असतील त्या. दार उघडलं, लायलनं पाठ केलेलं सगळं म्हटलं.

"म्हणजे तू तो होय?" त्या म्हणाल्या. "आत ये."

आत मिस्टर टेसार बटाटे सोलत बसले होते.

"आम्ही अकरा दिवस एकमेकांशी बोललो नव्हतो," मिसेस टेसार म्हणाल्या. "कशावरून, ते आता आठवतही नाही. त्या दिवशी पळत तळघरात गेलो. खाली अंधार, दोघंच. हा म्हणाला, आता मरायचंच आहे तर सांगतो, चूक माझी होती."

"मी तसं म्हणालो नाही," मिस्टर टेसार बटाट्यावरून नजर न उचलता म्हणाले. "मी म्हणालो, बहुतेक माझी."

"ऐक त्याचं. बाहेर आलो, आभाळात काही नाही. पण बोललेलं थोडंच परत घेता येतं?" त्यांनी लोणच्याची एक बरणी आणून लायलच्या हातात ठेवली, दुसरी माझ्या. "पुढचा सामना कधी आहे तुमचा?"

"शुक्रवारी, दोन वाजता," लायल म्हणाला.

"आम्ही येतो. तू ट्रॉम्बोन वाजवतोस ना? जरा हळू वाजव. ह्याला मोठा आवाज सोसत नाही."

लायल म्हणाला, "हो मॅडम, हळू वाजवीन."