चौकोनातली खूण

आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज नको. चूक माझी होती. आणि हे ‘चूक’ म्हणणंसुद्धा स्वतःला सांभाळून घेणंच झालं. चूक पहिल्या दिवशी झाली. पुढचे तीन आठवडे मी जे केलं त्याला चूक म्हणत नाहीत.

माझी वहिनी जुने फोटो दुरुस्त करते. लग्नाआधी ती एका स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक कुंचला चालवायची. पन्नाशी जवळ आल्यावर कॉम्प्युटर शिकली, तो मीच शिकवला. ती या घरात आली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. माझे पाढे तिने घेतले, माझी प्रगतिपुस्तकं दादापासून तिने लपवली. मग तिला माउस धरायला शिकवताना मी किती फुशारलो असेन, विचारू नका. ती शेजारणींना सांगायची, “आमचे इंजिनिअर आहेत ना घरात, मला कसली काळजी!” इंजिनिअर कसला, मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. दोन नोकऱ्या हातच्या घालवून बसलेला. दादाचं आणि माझं बोलणं त्या काळात एकाच वाक्यावर संपायचं, “एक तरी काम धड कर.”

तर वहिनीला मोठं काम मिळालं. एका नर्सिंग शाळेचे जुने वर्गफोटो, त्रेसष्ट. पाणी लागलेले, बुरशी चढलेले, मधोमध तडे गेलेले. शाळेच्या मेट्रनबाईंना त्यांचं पुस्तक करायचं होतं. प्रत्येक फोटोत तीस-चाळीस चेहरे, आणि वहिनी एकेका चेहऱ्याला तास तास द्यायची. नाकावरचा डाग काढायचा पण नाक त्या मुलीचंच राहिलं पाहिजे, हा तिचा हट्ट. फाइली एवढ्या अगडबंब की सेव्ह करायला दिलं की ती उठून चहा टाकून यायची.

“अरे, माझं वय वाढतंय या मशीनसमोर,” ती एकदा म्हणाली. झालं, इंजिनिअरसाहेबांना स्फुरण चढलं.

तिच्या मशीनमध्ये मी एका कंपनीच्या मोडीतली रॅम आणून ठासून भरली होती. गरजेच्या दुप्पट. ती पडूनच असायची. म्हटलं, यातली अर्धी घेऊन तिचीच डिस्क बनवू. तसं करता येतं. रॅमचा एक तुकडा बाजूला काढायचा आणि कॉम्प्युटरला सांगायचं, ही डिस्क समज. खऱ्या डिस्कपेक्षा कितीतरी पट वेगवान. वहिनीला मी सांगितलं, “डिस्क म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे समोरचं टेबल. आता तुझं सगळं टेबलावरच राहील, कपाटाशी उठून जायला नको.” टेबलापर्यंतच सांगितलं. मशीन बंद झालं की हे टेबल पुसून लख्ख होतं, त्यावर काही म्हणजे काही उरत नाही, हे नाही सांगितलं.

त्याची सोय होती बरं का. ती डिस्क बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये एक चौकोन असतो. त्यात खूण केली की मशीन बंद होताना तो सगळं खऱ्या डिस्कवर उतरवून ठेवतो. मी खूण केली होती. पण मग मशीन बंद व्हायला पाच मिनिटं लागायला लागली आणि वहिनी म्हणाली, “हे काय रे, चालताना हरीण आणि थांबताना म्हैस?” मला ते लागलं. मी खूण काढून टाकली. म्हटलं, रोज आपोआप नक्कल होईल असं काहीतरी रविवारी लिहून देऊ. तोवर तिला म्हणालो, “काम झालं की मशीन बंद करू नकोस, नुसतं झोपव. सकाळी पटकन उठेल.”

“झोपव? अंगाई म्हणू का त्याला?”

आम्ही दोघंही खूप हसलो. झोपवलेल्या मशीनची रॅम शाबूत राहते, त्यामुळे अकरा दिवस सगळं झकास चाललं. मधे रविवार येऊन गेला. मी लोळत पडलो होतो. खोटं कशाला सांगू, तेव्हा दुसरं काहीही करत नव्हतो.

बाराव्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. घराचा बोर्ड बदलायचा होता, मेन बंद करणार म्हणाला. वहिनीने शहाण्या माणसासारखं, मी शिकवलं होतं तसंच, सगळ्या फाइली सेव्ह केल्या, मशीन रीतसर शटडाउन केलं, वर प्लगही काढून ठेवला.

दुपारी मी बाहेर असताना तिचा फोन आला. “अरे, ‘चालू काम’ रिकामं दिसतंय.”

‘चालू काम’ हे त्या फोल्डरचं नाव. मला त्या क्षणाला सगळं कळलं, कुठे काय गेलं, का गेलं, परत येणार नाही, सगळं. आणि माझ्या तोंडातून निघालं, “सेव्ह केलं होतंस ना, वहिनी?”

ती म्हणाली, “केलं होतं. बहुतेक.”

त्या ‘बहुतेक’ला मी लगेच म्हणायला हवं होतं, बहुतेक नाही, नक्की केलं होतंस. पाच शब्द. मी म्हणालो, “येतो, बघतो.”

गेलो. तासभर कीबोर्ड बडवत बसलो, काहीतरी शोधतोय असं दाखवत. शोधण्यासारखं काही नव्हतंच. ती मागे उभी राहून हात चोळत होती. तिला पाणी आणायला पाठवलं आणि तेवढ्यात तो प्रोग्राम काढून टाकला, रॅमची डिस्क मोडली, साध्या डिस्कवर त्याच नावाचा फोल्डर करून ठेवला. पुरावा पुसला, सरळ सांगायचं तर. ती पेला घेऊन आली तेव्हा म्हणालो, “कधीकधी होतं. चुकून डिलीट झालं असेल.”

संध्याकाळी दादा आला, त्यानेही विचारलं, “कसं काय झालं रे?” मी खांदे उडवले. वहिनीच म्हणाली, “माझ्याच हातून झालं. हा बिचारा काय करणार?” आणि दादा माझ्याकडे बघून चक्क बऱ्यापैकी हसला. किती वर्षांनी! ते हसू मला हवंहवंसं वाटलं, हेही लिहून टाकतो.

मला वाटलं होतं, अकरा दिवसांचं काम गेलं, वाईट झालं, पण मूळ स्कॅन वेगळे ठेवलेले आहेत, ती पुन्हा करेल, मी मदत करेन, प्रकरण मिटेल. वहिनीच्या आईचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

वहिनीची आई शेवटची चार वर्षं आमच्याकडे होती. तिची सुरुवात अशीच झाली होती. “मी ठेवलं होतं, बहुतेक.” मग चपला फ्रिजमध्ये सापडल्या. मग एके दिवशी तिने वहिनीलाच विचारलं, “तुम्ही कुणाच्या हो?” तिला न्हाऊमाखू घालून, भरवून वहिनी मागच्या अंगणात जाऊन रडायची. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलेलं.

आठवड्याभरात वहिनीने एक वही केली. गॅस बंद केला, दहा पंचवीस. दाराला कुलूप लावलं, अकराला पाच. दुधवाल्याशी काय बोलले. मी विचारलं तर म्हणाली, “असू दे रे, लिहिलेलं बरं.” दुसऱ्या आठवड्यात तिने मेट्रनबाईंना फोन केला. त्या बिचाऱ्या महिनाभर थांबायला तयार होत्या. “नको,” वहिनी म्हणाली, “आता माझ्याकडून नाही व्हायचं. दुसऱ्या कुणाला द्या.” मी शेजारच्या खोलीत होतो. उठून सांगावं असं मनात आलं, अगदी जिभेवर आलं, आणि मी बसून राहिलो. दर दिवशी सांगणं जास्त जड होत चाललं होतं. पहिल्या दिवशी दादाने दोन शिव्या दिल्या असत्या, वहिनीने आठ दिवस अबोला धरला असता. आता काय काय झालं असतं, ते मोजायची माझी हिंमत नव्हती. जेवण जात नव्हतं. वहिनी मात्र माझ्या ताटात वाढत राहिली, “खा रे, किती वाळलास.”

तिसऱ्या आठवड्यात तिने डॉक्टरांची वेळ घेतली. दादाची ड्यूटी होती, म्हणून सोबत मी.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी वहिनीला पाच शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला लावले. कागदावर घड्याळ काढायला लावलं. तिने असं घड्याळ काढलं की बाई बघतच राहिल्या, आकडे छापल्यासारखे. मग शंभरातून सात वजा करत जा म्हणाल्या. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, आणि तिथे वहिनी अडकली. चौसष्ट म्हणाली. लगेच तिलाच कळलं, पासष्ट. पण मांडीवरच्या पदराचं टोक तिने एवढं पिळलं की बोटं पांढरी पडली. मलाही पासष्ट आलं नसतं हो! कुणालाही नसतं आलं, समोर आईचं दुखणं उभं असताना.

पाचही शब्द तिने बरोबर सांगितले.

“हे कशावरून सुरू झालं?” बाईंनी विचारलं.

वहिनीने सांगितलं. त्रेसष्ट फोटो, सेव्ह केल्याचं आठवतंय, स्पष्ट आठवतंय, बटण दाबल्याचंही आठवतंय, आणि तरी काही नव्हतं. “आईलाही असंच स्पष्ट आठवायचं,” ती म्हणाली.

“घरच्यांना काय वाटतं?”

“ह्यालाच विचारा. हा माझ्याशी खोटं बोलायचा नाही.”

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते उलटसुलट, आधी रॅम, मग चौकोन, मग रविवार. डॉक्टरीणबाईंना त्यातलं अक्षर कळलं नसणार. वहिनीला कळलं.

“म्हणजे मी सेव्ह केलं होतं?”

“हो.”

“सगळे?”

“सगळे. तुझ्याकडून काहीच चुकलं नव्हतं.”

“म्हणजे मी बरी आहे?” हे तिने मला नाही, बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, “माझ्या चाचणीत तरी काही दिसत नाही.” तिने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. वहिनी हसायला लागली, लहान मुलीसारखी, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना. मला वाटलं, सुटलो. इतका हलकट आहे मी, त्या खोलीत मला तेच वाटलं.

मग डोळे पुसून ती माझ्याकडे वळली. “तुला कधी कळलं हे?”

“तू फोन केलास तेव्हाच.”

ती बाईंना नमस्कार करून उठली.

खोलीबाहेर दवाखान्याचा लांबच लांब बोळ होता, दोन्ही बाजूंना सारखीच दारं. ती पुढे, मी दोन पावलं मागे. “वहिनी, शिव्या दे,” मी म्हणालो, “मार मला, पण काहीतरी बोल.”

ती न थांबता, न वळता म्हणाली, “तीन आठवडे रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी नावं म्हणून बघायचे. आधी माझं. मग तुझ्या दादाचं. मग तुझं. तिन्ही आली की मगच उठायचे.”

बोळ संपला तिथे दोन फाटे होते. येताना मीच तिला घेऊन आलो होतो, मला वाट माहीत होती. “डावीकडे, वहिनी,” मी म्हणालो.

ती उभी राहिली. फरशी पुसणाऱ्या बाईला तिने विचारलं, “बाहेर जायचा रस्ता कुठला हो?”

“डावीकडे,” ती बाई म्हणाली.

मग वहिनी डावीकडे वळली.