सिंहासनावरून दवाखान्यात

ही १९९५ सालची गोष्ट. त्या वर्षी महापालिकेची निवडणूक होती आणि माझा उजवा खुबा निकामी होऊन चौदा महिने झाले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध यायचं काही कारण नव्हतं.

आम्ही शुक्रवार पेठेत राहायचो. खाली माझ्या यजमानांचं, भीमाप्पांचं, दोरखंडांचं दुकान. वर आमच्या दोन खोल्या. मध्ये बावीस पायऱ्यांचा जिना, आणि तो इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागं फिरायचं. अर्ध्यात एक वळण. सांधा झिजल्यावर मला पाय दुमडता येईना, जिना तर लांबच राहिला. चौदा महिने मी खिडकीत बसून गल्ली बघितली. कुणाची सून कुणाशी बोलत नाही, कुणाच्या म्हशीनं दूध कमी केलं, सगळं मला ठाऊक. फक्त गल्लीच्या पलीकडचं कोल्हापूर जागेवर आहे की उठून गेलं, ते कळायला मार्ग नव्हता.

राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात पुण्याचे सर्जन महिन्यातून एक दिवस यायचे. ते धातूचा नवा सांधा बसवतात असं ऐकलं होतं. त्यांनी तपासून हो म्हटलं तर मी चालणार होते. पण तपासायला मी त्यांच्यापुढं पोचायला हवं होतं ना.

पहिल्या वेळी भीमाप्पांनी रिक्षा बोलावली. रिक्षावाला वर आला, माझ्याकडं बघितलं, जिन्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मावशी, रिक्षाच वर आली असती तर बरं झालं असतं." आणि गेला. दुसऱ्या वेळी कुठून तरी स्ट्रेचर आणलं. ते वर येतानाच वळणावर अडकलं, रिकामंच, आणि सोडवायला सुतार बोलवावा लागला. मग दवाखान्यातून निरोप आला. डॉक्टर या महिन्यात शेवटचे येणार, पुढं कोल्हापूरला येणं बंद. सोमवारी दुपारी एकपर्यंत बसतील. या वेळी नाही आलात तर नाव काढू.

भीमाप्पा आठ दिवस कागदावर जिन्याची चित्रं काढत होते. शेवटी त्यांनी ठरवलं की मला खुर्चीला बांधून खिडकीतून खाली सोडायचं.

"काथ्याचा दोर हाय," ते म्हणाले. "बैल टांगला तरी तुटायचा न्हाय."

"मग बैल टांगा," मी म्हटलं.

वाट काढली ती हुसेनबीनं. ती आमच्या शेजारची. तिचे यजमान कुतुबुद्दीन मांडवाचा धंदा करायचे. लग्नातले पडदे, भांडी, खुर्च्या, सगळं त्यांच्याकडं, आणि ते वाहायला एक उघडा टेंपो. हुसेनबी माझ्या पायाशी बसून म्हणाली, "अक्का, रिक्षात तुमचा पाय मावायचा न्हाय. आमची नवरानवरीची खुर्ची हाय की. पाय सरळ ठेवा, खाली चौरंग देते. टेंपोत ठेवली की गाव दिसंल."

ती खुर्ची म्हणजे सिंहासनच होतं. लाल मखमल, हातांच्या जागी दोन सोनेरी सिंह, पाठीला मोराचा पिसारा.

"मी काय लग्नाला चाललेय?"

"चौदा महिन्यांनी भायेर पडताय. लग्नापेक्षा कमी हाय व्हय?"

जिन्याचं काम गल्लीच्या टोकाच्या तालमीतल्या पिराजी वस्तादांनी घेतलं. सोमवारी दहा वाजता ते तीन पैलवान घेऊन आले. मी माहेरचं, शिरोळचं इरकल नेसून तयार होते. हुसेनबीनं केसांत अबोलीचा गजरा घातला होता. वस्ताद म्हणाले, "मावशी, अंग ढिलं सोडा. कुस्तीत ताठ माणूस पयला पडतो." मग एकानं खांदे धरले, एकानं पाय, आणि वळणावर मला एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात दिलं, गुळाची ढेप देतात तसं. भीमाप्पा पुढून उलटे उतरत होते आणि "सांभाळा, सांभाळा" म्हणत होते. शेवटच्या पायरीवर पडले ते एकटेच.

खुर्ची टेंपोला नऊ गाठी मारून बांधली. मी वर बसले. वस्ताद आणि तीन पैलवान चार बाजूंनी उभे राहिले, हुसेनबी माझा पाय धरून बसली, भीमाप्पा कोपऱ्यात स्टुलावर. कुतुबुद्दीननी टेंपो सुरू केला, आणि मला गल्लीच्या पलीकडचं कोल्हापूर दिसलं. जागेवरच होतं. मला उगाचच हसू यायला लागलं.

आता इथं एक सांगायला हवं. त्या दिवशी निवडणुकीचा निकाल होता. आमच्या शेजारच्या प्रभागातली जागा बायकांसाठी राखीव होती आणि तिथून बाळासो म्हणून एकांनी आपल्या बायकोला, शालनला, उभं केलं होतं. प्रचार सगळा बाळासोंनी केला. भिंतीवरच्या पत्रकात त्यांचा फोटो दाराएवढा, तिचा पोस्टाच्या तिकिटाएवढा, तोही डोक्यावरून पदर घेतलेला. ती बाई कशी दिसते हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि तिची निशाणी होती खुर्ची.

बाळासोंनी कोडोलीहून हलगीवाले बोलावून आमच्या वाटेवरच्या पापाच्या तिकटीवर, तिठ्यावरच, उभे केले होते, आणि त्यांना एवढंच सांगून ठेवलं होतं की बाई गाडीतनं खुर्चीवर बसून येतील, आल्या की वाजवायला लागा. नुकताच निकाल आला होता. खुर्ची निवडून आली होती.

आणि आम्ही आलो.

हलगीचा पहिला ठोका पडला तेव्हा मला वाटलं कुणाची तरी वरात आहे. मग मूठभर गुलाल माझ्या तोंडावर आला. हलगीवाल्यांचा म्होरक्या, आकाराम नावाचा मिशीवाला, टेंपोपुढं नाचायलाच लागला. मागून अजून पोरं आली, गुलालाचं पोतं आलं. "शालनताई झिंदाबाद" सुरू झालं.

भीमाप्पा उठून हात जोडून सांगू लागले, "अहो पावणं, ऐका की. ही माझी बायको हाय."

"व्हय की मालक," आकाराम म्हणाला. "म्हनून तर आलोय." आणि त्यांच्या गळ्यात हार घातला. तेवढ्यात दोघांनी त्यांना खांद्यावर घेतलं. ते वरून अजून काहीतरी सांगत होते, पण हलगीत ऐकू कुणाला येणार? हाताची खूण करावी तर लोकांना वाटायचं मालक अभिवादन करतायत.

कुतुबुद्दीन हॉर्न वाजवत होते. प्रत्येक हॉर्नला पोरं जास्तच नाचायची. टेंपो मुंगीच्या पावलानं सरकत होता. हुसेनबीनं डोळ्यातला गुलाल पुसून हातातलं घड्याळ बघितलं.

"अक्का, सव्वाबारा. एकाला डाक्टर उठतोय."

माझं हसू तिथंच थांबलं. असंच सरकत गेलो तर राजारामपुरीला संध्याकाळ व्हायची, आणि मी उरलेला जन्म खिडकीत. मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण गर्दीकडं बघितलं आणि मिटलं. एवढ्या गर्दीला खरं सांगून वाट मिळाली नसती, नुसता गोंधळ वाढला असता. मी आकारामला बोटानं जवळ बोलावलं. सिंहासनावर बसलेल्या माणसानं बोट हलवलं की लोक येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"कुठं न्यायचं ठरलंय?" मी विचारलं.

"आधी देवीच्या पायाशी, मग वार्डात फेरी, ताई."

"ते मागनं. राजारामपुरीत पुण्याचा एक मोठा माणूस आलाय. एकाला निघून जातोय. त्यानं हो म्हटल्याशिवाय माझं पुढं काही व्हायचं न्हाय."

यात एक शब्द खोटा नव्हता. आकारामनं मान डोलावली. असल्या मोठ्या माणसांच्या भेटी तो समजून होता.

"मग नाचत कशाला जायाचं," तो म्हणाला. "चढा रं गाडीत."

सहा हलगीवाले टेंपोत चढले. पैलवानांनी जागा दिली. भीमाप्पांना खांद्यावरून परत आत टाकलं. बाकीची पोरं सायकली आणि मोटारसायकली घेऊन मागं. कुतुबुद्दीननी पाय दाबला. शिवाजी चौक, बिंदू चौक, उमा टॉकीज. बिंदू चौकात पोलिसानं सगळी वाहनं थांबवून मला सलाम ठोकला आणि मी तो घेतला. दुकानातून लोक बाहेर येऊन हात हलवत होते. हलगी कानाशी कडाडत होती. चौदा महिने मी ज्या पायाला नुसतं उचलून ठेवलं होतं, त्याची बोटं हुसेनबीच्या हातात ठेका धरत होती.

"अक्का, पाय हलतोय की तुमचा," ती ओरडली.

"तू गप धर," मी म्हटलं.

दवाखान्यापुढं पोचलो तेव्हा बारा चाळीस झाले होते. पैलवानांनी गाठी सोडल्या, खुर्चीसकट मला उचललं आणि सरळ आत नेलं. हलगी थांबवायची कुणालाच आठवण झाली नाही. बाकावरचे पेशंट उभे राहिले. त्यातले दोघे काठ्या घेऊन आले होते, तेही. नर्स धावत आली आणि मागोमाग डॉक्टर. उंच, गोरा, चष्मा असलेला माणूस. हलगी त्यांना बघून आपोआप बंद पडली.

"कोण निवडून आलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणी न्हाय," मी म्हटलं. "मी दानेश्वरी भीमाप्पा. माझा नंबर दोनदा हुकलाय. खुबा दाखवायला आलेय."

आकारामनं माझ्याकडं बघितलं. मग भीमाप्पांच्या गळ्यातल्या हाराकडं बघितलं.

"म्हंजे तुम्ही शालनताई न्हाय?"

"मी कधी म्हटलं?"

तो हलगी पाठीमागं लपवायला लागला. तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. बाळासो आत आले, घामाघूम, सगळ्या गावात आपली हलगी शोधत आलेले. मागून एक लहानखुरी बाई, डोक्यावर पदर. बाळासोंनी आकारामला धारेवर धरलं, मग कुतुबुद्दीनना, मग माझ्याकडं वळले.

"आमचा गुलाल उधळून घेतलासा. लाज न्हाय वाटत?"

मी पदरानं गुलाल झटकायला लागले. तेव्हा त्या बाईनं पदर मागं सारला. तिशी-पस्तिशीची होती. माझ्याकडं बघून ती आधी फिसकन हसली आणि मग खोलीभर हसली.

"तुम्ही गप बसा," ती बाळासोंना म्हणाली. "दोन म्हयनं एका बाईला भेटू दिलं न्हाईसा मला. ह्या पयल्याच. तपासून होऊ दे. आमी थांबतो."

तिचं ते पहिलं भाषण. पैलवानांनीच टाळ्या वाजवल्या.

नर्सनं माझं तोंड पुसलं, चार टॉवेल लाल झाले. डॉक्टरांनी पाय फिरवून बघितला, मी ओठ चावून सोसलं. त्यांनी खुब्याचा एक्स-रे काढायला लावला आणि तो उजेडासमोर धरून चष्मा वर करून बघितला. माझा जीव सगळा त्या काळ्या फिल्मकडं लागला होता.

"गुलाल हाडापर्यंत गेलेला नाही," ते शेवटी म्हणाले. "सांधा बसेल. जानेवारीत पुण्याला या. याल ना?"

"ह्या सगळ्यांना घेऊन येते," मी म्हटलं.

"हलगी नको," डॉक्टर म्हणाले.

परत येताना शालन माझ्या खुर्चीच्या एका सिंहावर बसली होती. मिरवणूक तिचीच होती, पण हात आम्ही दोघी हलवत होतो. बाळासो स्कूटरवरून मागं मागं येत होते.

जानेवारीत पुण्याला सांधा बसला, आणि होळीच्या आधी मी बावीस पायऱ्या उतरून दुकानात जाऊन बसले. भीमाप्पा २००८ मध्ये गेले. मरेपर्यंत ते लोकांना तो हार दाखवायचे आणि आपण खांद्यावर कसे होतो ते सांगायचे. ज्या पायरीवर पडले तिच्याबद्दल कधीच बोलले नाहीत. पिराजी वस्तादांच्या तालमीनं पुढं बरीच वर्षं अशी अडलेली माणसं जिन्यावरून उतरवली. आजारी माणसाला न्यायचं असलं की लोक तिकडंच जायचे. खुर्चीही तीच. कुतुबुद्दीननी ती लग्नाला द्यायची बंद करून तालमीत ठेवली, कारण मखमलीतला गुलाल नवरीच्या शालूला लागायचा. आता ते नाहीत. हुसेनबी जयसिंगपूरला मुलीकडं असते आणि रविवारी फोन करून पहिल्यांदा पायाचं विचारते. शालन दोनदा निवडून आली, दुसऱ्यांदा पत्रकावर बाळासोंचा फोटोच नव्हता. बाळासो हल्ली तिची गाडी चालवतात. आकाराम दोन-तीन वर्षं दिवाळीला भेटून जायचा आणि दर वेळी म्हणायचा, "ताई, तुमी शालनताईच पायजे होता." पुण्याचे डॉक्टर परदेशात गेले असं कळलं.

मी चौऱ्याऐंशीची आहे. परवा डावा खुबा दुखायला लागला. मुलगा म्हणाला, लिफ्टच्या फ्लॅटमध्ये जाऊ. मी म्हटलं, आधी तालमीत विचारून ये, खुर्ची आहे का म्हणून.