करंजाखालची जागा

"उतर," इस्तारी म्हणाला.

कुंता तलावाच्या काठाला लागलेल्या डोंग्यात बसली होती. मांडीवर परडी, परडीत मातीचा बैल आणि कालच्या पोळ्याची एक पुरणपोळी. नवरा थट्टा करतोय असं वाटून ती हसली.

"चला ना लवकर. आभाय भरून राह्यलं."

"उतर म्हनतो ना. बेट बंद हाये."

"पावन्याइले बंद असन. मी का पावनी आहो?"

इस्तारीने बांबू उचललाच नाही.

तलावाच्या मधोमध ते बेट होतं. करंज-जांभळांनी भरलेलं, चहूबाजूंनी खोल पाणी. तिथवर कोल्हा पोचत नसे, म्हणून पावसाळ्यात बगळे-करकोचे तिथे घरटी बांधत. आणि त्याच कारणाने मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातले लोक आपली तान्ही लेकरं तिथे पुरत. कुंताचा डोमा रांगायला लागला आणि तापाने गेला. करंजाखाली त्याच्या डोक्याशी इस्तारीने एक काळा गोटा ठेवला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गावची पोरं आपापले बैल मिरवू लागली, की कुंताही एक बैल करून डोमाकडे नेई. पुढे तिला मूल झालं नाही.

चांद्याहून, माजरीच्या खाणीवरून मोटारी भरभरून लोक बेट पाहायला येऊ लागले, तेव्हा इस्तारीला बरंच वाटलं होतं. डोंगा त्याचाच होता. पण मागल्या पावसाळ्यात एका टोळीने झाडांखाली चूल पेटवून मटण शिजवलं. धुराने पाखरं उडाली ती सांजेपर्यंत परतली नाहीत. घरट्यांतली पिल्लं टपाटपा खाली पडली. धोतराच्या सोग्यात ती वेचताना इस्तारी रडला होता. म्हणून जंगलखात्याच्या रेंजरसाहेबांनी नियम केला, की पाखरांच्या दिवसांत, दिवाळी होईतो बेटावर कुणी पाय ठेवायचा नाही आणि एरवीही मोजक्याच लोकांनी जायचं. त्याने मनापासून मान डोलवली. खाकी सदरा घालून तो राखणदार झाला. "गावचं कुणी जातं का रे तिकडे?" साहेबांनी विचारलं होतं. लेकरांचं कळलं तर ती जागाही कायमची बंद करतील, या धाकाने तो 'नाही' म्हणून बसला होता.

"आज तुले नेलं तं उद्या अख्खं गाव येईन. मंग मी कोनाले अडवू?"

"मी आवाज नाई करत. एक पाखरू उडनार नाई."

"मले मालूम हाये."

"मंग?"

इस्तारीने डोंग्याचा दोर पुन्हा खुंटाला बांधला. कुंता उतरली. मातीचा बैल तिने काठावर ठेवला, बेटाकडे तोंड करून.

"कार्तिकात येजो," तो मागून म्हणाला. "पयल्या डोंग्यात तुलेच नेईन."

ती वळली नाही.

त्या साली पाखरं कधी नव्हे एवढी झाली. लांबून झाडं कापूस फुटल्यासारखी पांढरी दिसत.

दिवाळीनंतर साहेबांनी मजूर पाठवले. पाहुण्यांनी वाटेल तिथे तुडवत हिंडू नये म्हणून पाखरं पाहायच्या मचाणापर्यंत दगडी वाट करायची होती. "माणसं एकाच वाटेने गेली की बाकीचं बेट वाचतं," साहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं. इस्तारीने वाटेला करंजापासून लांब वळसा द्यायला लावला. मग तो मुरूम आणायला डोंगा घेऊन गेला.

परतला तेव्हा मजुरांनी बेटावर दिसला तो दगड उचलून वाटेत बसवला होता. करंजाखाली नुसती माती. तो वाटेवर वाकून वाकून पाहत गेला. सगळेच गोटे काळे, सगळ्यांवर मुरूम चोपलेला. त्या दिवशी तो जेवला नाही. कुंताने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाला.

कार्तिकात पहिला डोंगा निघाला. साहेब होते, त्यांचे चांद्याचे पाहुणे होते आणि मागे टोकाला धुवट लुगडं नेसलेली कुंता. सबंध वाटभर इस्तारी तिच्याकडे बघू शकला नाही.

पाहुणे मचाणाकडे गेले. कुंता सरळ करंजाखाली आली आणि थबकली.

"इथीच व्हता ना आपला डोमा?"

"इथीच."

"मंग गोटा कुठी गेला?"

इस्तारीने वाटेकडे पाहिलं. तिनेही पाहिलं.

"कोनता?"

"मले नाई ओळखू आला, कुंता."

ती ओरडली नाही. वाटेच्या कडेला बसली आणि एकेका दगडावर तळवा टेकवत पुढे सरकत गेली, तापलेल्या लेकराचं अंग बघावं तशी. मचाणावरून माणसं उतरेपर्यंत तिचं तेच चाललं होतं.

"छान केलं हो हे," पाहुण्यांतली एक बाई कौतुकाने म्हणाली. "मागे आलो तेव्हा पाय किती मळले होते."

कुंता उठली. वाटेवर पाऊल न टाकता बाजूच्या झुडपांत शिरली.

"इस्तारी," साहेबांनी हाक मारली, "तिला वाटेवरून चालायला सांग. नियम सगळ्यांना सारखा."

इस्तारीने ऐकलं. पण तिला हाक न मारता तो डोंग्याकडे निघाला.

बोराटीच्या काट्यांतून, एका हाताने लुगडं सावरत, कुंता पाण्याकडे चालत राहिली. वाटेवरून पाहुणे हसत-बोलत उतरत होते. त्यांना वाट द्यायला तिला कुठे थांबावं लागलं नाही.