देवडीचा दुसरा अर्थ

शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: लोकांच्या तोंडचं किंवा लिखाणातलं वाक्य नसेल, तर अर्थ बाद.

'देवडी'चं कार्ड बाईंपुढे पडलं होतं. बाई इथल्या सगळ्यांत जुन्या संपादक. व्युत्पत्ती लिहिलेली होती: 'देहली' म्हणजे उंबरठा, त्यावरून आला असावा. अर्थ एकच: मोठ्या दारालगतची, छप्पर असलेली पहारेकऱ्यांची जागा. बाईंचं डोकंच फिरलं. पहाऱ्याची जागा म्हणे! लिहिणाऱ्याने देवडीत कधी मूल ठेवलं नसणार.

बाईंनी ठेवलं होतं. नवरा गेला तेव्हा लेक आठ महिन्यांची, घरी बघायला कोणी नाही. कचेरीच्या खालच्या देवडीतले पहारेकरी काका म्हणाले होते, "ठेवा इथे. मी बसलेलोच असतो." तीन वर्षं पोर काकांच्या खुर्चीशेजारी वाढली. आभार तेवढे राहून गेले. रोज दिसणाऱ्या माणसाचे आभार मानायला मुहूर्त कुठला?

आज पाचला काका निवृत्त होणार होते आणि पाचलाच 'द'ची पानं छापखान्यात जाणार होती.

"अर्थ पटतो हो," बाईंनी कार्डावर लिहिलेला दुसरा अर्थ वाचून मुख्य संपादक म्हणाले, "पण वाक्य कुठाय? तुम्ही रचलेलं चालणार नाही."

बाई हिरमुसून खाली उतरल्या. काका नव्या मिशाळ पहारेकऱ्याला फैलावर घेत होते. त्याने एका म्हाताऱ्याला उन्हात उभं केलं होतं.

"अरे, देवडीत आला तो आपला माणूस! काम काय ते मग विचार, आधी खुर्ची दे!"

गुडघे विसरून बाई दोन-दोन पायऱ्या चढल्या आणि वाक्य कार्डावर उतरवलं. संपादकांनी वाक्य दोनदा वाचलं.

"कोण म्हणालं?"

"खालचे काका. आत्ता."

"मग तारीख घाला."

पाचला बाईंनी पानाची प्रत काकांसमोर धरून वाचली: "दोन. आडोशाला आलेल्याने थांबायची जागा. 'देवडीत आला तो आपला माणूस.'"

"हे मी म्हणालो?"

"ओरडलात." बाईंनी प्रत त्यांच्या हातात दिली. "काका, तुम्ही पोर सांभाळलीत म्हणून माझा संसार उभा राहिला. फार उपकार आहेत तुमचे. सांगायला उशीर झाला."

काकांनी कागद खिशात ठेवला, टोपी काढली आणि आपल्या खुर्चीकडे बघत उभेच राहिले. आता ती त्यांची नव्हती.

नव्या पहारेकऱ्याने काही न विचारता खुर्ची पुढे सरकवली.