सिंहलेप

शनिवारी झरीच्या शिवाराबाहेरच्या पत्र्याच्या शेडपुढे जोडप्यांची रांग लागायची. सिंहबळ महाराज हातात रबरी मोजे घालून लेपाच्या डब्या भरायचे. म्हणे त्यांच्या हातातली शक्ती भक्तांना झेपत नाही. डबी देताना म्हणायचे, "बायकोनं रोज उघड्या हातानं नवऱ्याच्या खांद्याला चोळायचं. गडी शेर होतो, वर्षात पाळणा हलतो."

शिवकन्याच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि तिला लेकरू हवं होतं. तिनं नेमानं चोळलं. दीड महिन्यात तिचा नवरा बालाजी कापसाची गाठोडी एकटाच उचलू लागला, त्याच्या पाठीवर पुरळ उठलं आणि एक दिवस भाजीत मीठ कमी म्हणून त्यानं ताट भिरकावलं. गाव म्हणालं, गुण आला. पाचव्या महिन्यात शिवकन्याच्याच हनुवटीवर केस उगवले, आवाज घोगरा झाला. महाराजांनी हात जोडले, "माय, तुमच्यात देव उतरायलाय." बायका तिच्या पाया पडू लागल्या. पण देव होऊन तिला काय करायचं होतं? पाळणा तर हललाच नव्हता. तिनं नवऱ्याला ओढत परभणीला नेलं, डॉक्टर मनिषाताईंकडे.

रिपोर्ट आले. बालाजीचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक भरमसाट, आणि शुक्रजंतू जवळजवळ शून्य.

"लय हाय म्हणजे चांगलंच की," बालाजी म्हणाला.

"पुरुषात हे इतकं वाढायची कारणं मोजकीच असतात," डॉक्टर म्हणाल्या. "वृषणात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ, ग्रंथीचा जन्मजात दोष, नाहीतर बाहेरून गेलेलं औषध."

सोनोग्राफीत गाठ निघाली नाही. मग त्यांनी शिवकन्याचं रक्त तपासलं. तिचंही वाढलेलं.

"दोघांना एकदमच रोग कसा होईल? दोघांच्याही अंगाला लागतं, असं घरात काय आहे?"

शिवकन्यानं स्वतःचे तळवे बघितले. मग तिला ते रबरी मोजे आठवले आणि तिचं डोकंच फिरलं.

लेप प्रयोगशाळेत गेला. निघाली टेस्टोस्टेरॉनची जेल, वरून हळद आणि अत्तर. डॉक्टरांनी समजावलं, "बाहेरून आयतं मिळालं की शरीर स्वतःचं काम थांबवतं. मग शुक्रजंतू बनत नाहीत. लेप बंद केला की बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण महिने लागतात."

पुढच्या शनिवारी शिवकन्या थेट रांगेच्या तोंडाशी उभी राहिली.

"या माय," महाराज म्हणाले.

"माय म्हणू नका. डॉक्टरनं लेप तपासलाय. ह्यात काय हाय ते सांगा."

"ते डॉक्टरला कळत नसतंय."

"मोजे काढून चोळा की मग."

महाराजांनी हात मागं घेतले. रांगेतल्या मालनबाईंनी तोंडावरचा पदर हळूच खाली घेतला. त्यांच्याही हनुवटीवर केस होते. "मलाबी देवच म्हणले होते," त्या म्हणाल्या. महाराज मागच्या दारानं मोटारसायकलकडे निघाले, पण चावी बायकांनी आधीच काढून घेतली होती. कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

शिवकन्या रांगेकडे वळली. "कुणी काय लावायला, खायला दिलं तर आधी इचारा, ह्यात काय हाय. न्हाई सांगितलं तर घेऊ नका. लेकरू होत न्हाई तर दोघंबी तपासून घ्या, त्यात लाज कसली? आमी लेकरासाठी चोळलं अन् त्यानंच लेकरू अडलं. माझे पाच महिने गेले. तुमचे जाऊ देऊ नका."